तोंडासमोरचा कप्पा

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत शिरलं की डाव्या हाताला एक काचेचं कपाट आहे. पुरुषभर उंच, चार कप्पे, आत एक ट्यूब, जी पेटण्याआधी तीनदा डोळे मिचकावते. या कपाटात दर महिन्याला एक विषय घेऊन पुस्तकं मांडायची, हे काम गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. कामाच्या वाटणीच्या कागदावर त्याचं नाव ‘ग्रंथप्रदर्शन’. आम्ही आपलं ‘डिस्प्ले’ म्हणतो. आमचे अटेंडंट मामा त्याला ‘मॅडमचा गणपती’ म्हणतात. आधी मखर, मग सजावट, शेवटी विसर्जन.

मखराचं खोटं नाही. सुरुवातीला मी थर्माकोलची अक्षरं कापायचे, क्रेप पेपरच्या झिरमिळ्या लावायचे. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा पर्यावरणापेक्षा माझ्या बोटांना जास्त बरं वाटलं असेल. कारण एवढं करून ते कपाट बघायचं कोण? मुलं कपाटासमोर थांबायची, अगदी रोज थांबायची, पण ती स्वतःला बघायला. पुण्यात मुली गाडीवर निघताना तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, नुसते डोळे उघडे ठेवतात. पार्किंगमधून आल्या की तो स्कार्फ सोडून केस सारखे करायला पहिली काच भेटते ती माझी. मुलगे त्याहून निर्लज्ज. ते खिशातून कंगवा काढतात.

पुष्कळ दिवस मला याचा राग यायचा. मग लक्षात आलं की ट्यूब बंद असली की त्या काचेचा आरसा होतो आणि लावली की पुन्हा कपाट. तेव्हापासून बटण माझ्या टेबलाशी घेतलं. कोणी भांग पाडायला उभं राहिलं की मी ट्यूब लावते. तीनदा मिचमिच होते, चेहरा विरतो आणि त्याच्या जागी पुस्तक येतं. हे वागणं एका शैक्षणिक संस्थेला शोभणारं नाही, पण यातून मला धंद्याची एक गोष्ट कळली. चेहरा जिथे दिसतो त्या उंचीचा कप्पा सगळ्यात मोलाचा. चार कप्प्यांपैकी वरून दुसरा. खालच्या कप्प्यात काहीही ठेवा, ते वाकून बघणारा माणूस फक्त एकच, केर काढणारा.

विषय निवडताना मला खरी मजा येते ती आकड्यांची. लायब्ररीतली पुस्तकं ड्युईच्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे लावलेली असतात. ही पद्धत १८७६ सालची. तिच्यात प्रत्येक विषयाला आकडा आहे आणि प्रत्येक आकड्याला आपली गल्ली. हवामान ५५१.५ मध्ये, धरणं ६२७.८ मध्ये, शेती ६३० मध्ये, स्वयंपाक ६४१.५ मध्ये आणि मराठी कविता थेट पलीकडच्या भिंतीला, ८९१.४६१ मध्ये. वर्षानुवर्षं एका छपराखाली राहून ही मंडळी एकमेकांना भेटत नाहीत, मोठ्या सोसायटीत असतं तसं. पावसाळ्याचा डिस्प्ले लावला की कवितेच्या शेजारी भाताची लावणी, तिच्या शेजारी गरम भजी आणि वर धरण, असे सगळे एका कप्प्यात येऊन बसतात. कवी लोकांना भज्यांचा शेजार रुचत असावा.

तारखांचे डिस्प्ले मात्र ठरलेले, त्यातून सुटका नाही. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन नेमका परीक्षांच्या तोंडावर येतो. त्या दिवशी लायब्ररीत पाय ठेवायला जागा नसते आणि एकही माणूस पुस्तक वाचत नसतो, सगळे झेरॉक्स वाचत असतात. नोव्हेंबरमधला १४ ते २० हा ग्रंथालय सप्ताह एक तर परीक्षेच्या नाही तर सुट्टीच्या तावडीत सापडतो.

३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, हा त्यातल्या त्यात माझा आवडता. एका वर्षी मी एका कार्डावर १८४८ साल लिहून खाली दोन ओळी टाकल्या होत्या. या साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, आणि याच साली आजच्या पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात झाली. एफवायची एक मुलगी स्कार्फ सोडता सोडता वाचत उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, म्हणजे शाळेतनं सुटल्यावर त्या लायब्ररीत जाऊ शकत असतील?” मग स्वतःच म्हणाली, “छे, कोण जाऊ देणार.” आणि गेली. अर्धा मिनिट झालं असेल सगळं मिळून. माझ्या हिशेबी तो डिस्प्ले पास.

आमचा सगळ्यात फसलेला डिस्प्ले १२ ऑगस्टचा. हा ग्रंथपाल दिन, डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाचा. गणिताचे प्राध्यापक असलेले हे गृहस्थ १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिला नियम, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. वाचायला अगदी बाळबोध वाटतो. पण युरोपात एके काळी पुस्तकं साखळीने बांधून ठेवत, ते आठवलं की नियम का करावा लागला ते समजतं. तर हा नियम मी सुंदर अक्षरात लिहून वरून दुसऱ्या कप्प्यात लावला. कपाटाला कुलूप. किल्ली मामांकडे. आणि काचेवर माझ्या आधीच्या कोणीतरी चिकटवलेली पाटी, ‘प्रदर्शनातील ग्रंथ घरी दिले जाणार नाहीत.’ टीवाय बीएस्सीच्या एका मुलाने आधी कार्ड वाचलं, मग पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

पाटी मी त्याच दिवशी ब्लेडने खरवडली. तिचा गोंद अजून आहे. ग्रंथपाल मॅडमनी एकच अट घातली, पुस्तक गेलं की जागेवर चिठ्ठी हवी. म्हणून आता ‘वाचायला गेलंय’ अशा चिठ्ठ्या असतात. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायची होती तेव्हा अशा सात चिठ्ठ्या आणि चार पुस्तकं होती, बहुतेक दात पडलेल्या आजोबांसारखं दिसत होतं कपाट. ऐन वेळी आम्ही कोशांचे जाडजूड खंड आणून ते भरलं. समितीला आवडलं म्हणे.

दाराबाहेर एक फळाही आहे, बातम्यांचा. त्यावरची सगळ्यात जास्त वाचली जाणारी बातमी म्हणजे परीक्षेच्या काळात रीडिंग हॉल रात्री किती वाजेपर्यंत उघडा, आणि दुसरी, दंड माफ होणार का. नवीन पुस्तकांची यादी लावली तर तिच्याकडे डास फिरकत नाही. म्हणून मी यादी बंद केली. आता आठवड्याला एकाच पुस्तकाचं नाव लिहिते आणि खाली नुसतं, ‘पान ४७ बघा.’ का बघायचं ते लिहीत नाही. खरं सांगायचं तर पान ४७ वर दर वेळी काही असतंच असं नाही. मुलं येतात, उभ्या उभ्या ते पान काढतात, “मॅडम, यात काय आहे?” असं विचारतात. तोवर पुस्तक हातात गेलेलं असतं.

आणि आता पानशेत.

१२ जुलैचा डिस्प्ले मी पहिल्यांदा लावला तेव्हा वाटलं होतं, या मुलांना त्याचं काय. १९६१ चा पूर, त्यांच्या आईवडिलांचासुद्धा जन्म नव्हता. आंबी नदीवरचं पानशेतचं धरण पुरतं बांधून व्हायच्या आत पावसाच्या पाण्याने भरलं, जवानांनी वाळूची पोती रचून पाहिली, पण बुधवारी सकाळी ते फुटलं. खाली खडकवासला, तेही गेलं. मुठेचं पाणी लकडी पुलावरून वाहिलं. नदीकाठच्या पेठांमधले वाडे बसले. आणि शहराला पिण्याचं पाणी देणारं खडकवासलाच राहिलं नाही, म्हणून पूर ओसरल्यावर लोक पाण्यासाठी वणवण करत होते. हे सगळं मी एका कार्डावर लिहिलं होतं.

एसवायची एक मुलगी त्या कार्डासमोर उभी राहिली. ट्यूब आधीच लावलेली होती, माझा त्यात हात नाही. म्हणाली, “आमची आजी नारायण पेठेत होती तेव्हा. सारखं तेच सांगते. आम्ही हो हो करतो.” आणि धरणफुटीवरचं पुस्तक मागितलं. आजीला दाखवते म्हणाली. मामांनी किल्ली आणली, मी चिठ्ठी ठेवली.

पुस्तक परत आलं ते तेवीस दिवस उशिरा. दिवसाला एक रुपया याप्रमाणे तेवीस रुपये तिने मुकाट मोजले. जाताना म्हणाली, “मॅडम, एक सांगायचं होतं. आजीने त्यात लिहिलंय. पेन्सिलने. मी नको नको म्हणत होते.”

पुस्तकात लिहिलं तर पुस्तकाची किंमत भरून घ्यायची, असा आमचा नियम आहे. मी पान उघडलं. पेठांमध्ये पाणी किती चढलं याचा मजकूर होता आणि शेजारच्या कोऱ्या जागेत बारीक, जुन्या वळणाचं अक्षर. ‘आमच्या वाड्यात जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत. मी मोजल्या होत्या. भांडी सगळी वाहून गेली. नावं घातलेली होती म्हणून लोकांनी ओळखून आणून दिली. तांब्या मिळाला नाही.’

मुलीला म्हटलं, जा तू. दाखल नोंदवहीत ‘शेरा’ नावाचा एक रकाना असतो. तो बहुतेक ‘पाने सैल’, ‘पुठ्ठा फाटला’ अशा नोंदींनी भरतो. काय लिहावं ते सुचेना, म्हणून कोराच ठेवला.

यंदाच्या जुलैत ते पुस्तक पुन्हा काढलं. मामा कपाट पुसत होते. पुस्तक उघडं ठेवायचं म्हणून त्यांनी पान चापून बसवलं आणि चष्मा कपाळावर सरकवून समासातलं अक्षर वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

“कोणी लिहिलंय मॅडम हे? खोडू का?”

“राहू द्या,” मी म्हटलं. “आणि तिथे नको. वरून दुसऱ्यात ठेवा.”