हेडमध्ये तुटलेला स्टड

मालवणात किनाऱ्यालगत उभी राहणारी गाडी चालण्याने कमी आणि खाऱ्या हवेने जास्त झिजते. गुरुजींची जुनी मारुती ८०० तशीच. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग; त्याच्याखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) गेलं म्हणून इंजिन खोललं, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (हेडमधून धूर बाहेर नेणारा नळ) नट गंजून स्टडशी, म्हणजे हेडमध्ये आट्यांनी बसवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टशी, एकजीव झालेले. रात्रभर तेल मुरवलं, तरी एक स्टड तुटलाच, तोही हेडला अगदी सपाट.

“मेस्त्री, अख्खा हेडच बदलूचा लागतला काय?”

“इतक्यात नाय गुरुजी, थांबा जरा.”

हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादाचा. मधे खारा ओलावा शिरला की दोन धातूंची जणू बॅटरीच तयार होते, आणि खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आट्यांत दाटते आणि स्टड आवळते. अशा वेळी सरळ ड्रिल मारून इझी-आऊट (तुटका स्टड आतून पकडून उलटा फिरवायचं हत्यार) ठोकणं मला अजिबात पटत नाही. तो कडक पण ठिसूळ. आत मोडला तर साधं ड्रिल त्याला लागत नाही. आणि ड्रिल पोलादावरून घसरलं की मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं, मग आटे गेलेच.

मी तुटक्या तोंडावर नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्डिंग भरलं. हे वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, म्हणूनच ही युक्ती चालते. पहिला नट नुसताच उखडून आला. तोंड ब्रशने लख्ख केलं, करंट वाढवला, दुसरा नट बसवला. मग भोवतालचं हेड ब्लो लॅम्पने शेकलं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, पकड ढिली होते. ज्योत मात्र सतत फिरती हवी. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हेडचा मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि लोखंडासारखा लाल होऊन तो इशारा देत नाही. कडेला मेणबत्ती टेकवली. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं गेलं.

पाना आधी किंचित आवळायच्या बाजूला, मग किंचित उलट. इथे सगळं हातावर असतं. लोण्यासारखं मऊ वळलं तर स्टड पिळतोय, तिथल्या तिथे थांबायचं. ‘कट्’ झालं तर गंज सुटला. कट् झालं! तरीही पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा मेण. स्टड बाहेर आला तेव्हा आट्यांत पांढरी भुकटी ठासलेली होती, पण हेडचे आटे शाबूत होते. गुरुजींनी स्वतः टॉर्च धरून भोकात डोकावून पाहिलं.

टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानेच फिरवून आटे साफ केले. बाकीचे स्टड त्याच शेकावर न तुटता निघाले. नव्यांना कॉपर ग्रीस लावायचं ठरलं, आणि संध्याकाळी हेड फेसिंगसाठी, म्हणजे तळ सपाट करून घ्यायला, कुडाळला रवाना झालं.