तिवराचं मीठ

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली कांदळवन सफर बरेच दिवस डोक्यात होती, ती यंदा फेब्रुवारीत झाली. होडी बचत गटाच्या बायकाच वल्हवतात. आत शिरताना भरती पाठीशी होती, त्यामुळे वल्ह्याचं काम फक्त दिशा धरण्यापुरतं.

दोन्ही काठांना कांदळाच्या कमानदार मुळ्या. कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं. तिवर हे इथलं दुसरं झाड, तेही मुळाशी मीठ अडवतं, पण जे आत शिरतं ते पानांवाटे बाहेर टाकतं. ताईंनी त्याची फांदी वाकवून म्हटलं, "पान चाटून बघा." चाटलं. चक्क खारट! पानावर बारीक पांढरे कण होते.

खाडीच्या पाण्यात मीठ जास्त, पेशीत कमी. म्हणजे मीठ आत घुसायला काही खर्च नाही, बाहेर काढायला मात्र आहे. पानावरच्या मीठग्रंथींच्या पेशी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून आधी प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) बाहेर ढकलतात. ते परत आत यायला धडपडतात, आणि त्यांच्या येण्याच्या जोरावर सोडियम बाहेर काढला जातो. थेट सोडियमचा पंप नाही, असा वळसा. टाकीत आधी पाणी चढवायचं आणि मग उतरत्या पाण्यावर चाक फिरवायचं, तसंच काहीसं. या पेशींत एटीपी तयार करणारे मायटोकाँड्रिया खच्चून भरलेले असतात, ते उगाच नाही.

चिखलात कुर्ल्या पळत होत्या. त्यांच्याकडे मात्र थेट पंप असतो: एका एटीपीत ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. हा पंप सापडला तोही कुर्ल्यांतच. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांना खरं तर भूल देणारी औषधं कशी चालतात ते समजून घ्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायांतल्या नसा वाटून पाहिल्या. १९५७ साली शोध छापला, नोबेल मिळालं १९९७ साली. चाळीस वर्षं! आपल्याकडे सरकारी फाइलसुद्धा त्याआधी हलते. (बहुधा.)

परतताना तीच भरती अंगावर. ताईंचा पदर घामानं भिजला, गप्पा थांबल्या. मी एक वल्हं मागून घेतलं आणि पाच मिनिटांत परत दिलं.

धक्क्याला लागल्यावर विचारलं, पावसाळ्यात सफर असते का?

"पावसात इलात तर मीठ गावचा नाय," ताई हसल्या, "सगळा धुवान जाता."