नदीकाठ म्हणजे सगळा उतारच ना?

धुळ्याच्या मामेभावापासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो. "आल्प्समध्ये सायकल म्हणजे मोठंच काम. पण तुम्ही तर नदीच्या काठाकाठानं जाता. मग उतारच की! पायडल तरी मारावं लागतं का?"

आता तुम्हीही विचारलंत म्हणून एका दिवसाचा हिशेब देते. ऑगस्टची अखेर, ऑस्ट्रियातल्या नाउडर्सहून निघून इटलीतल्या मेरानपर्यंत. सोबत आदिजे नदी, जिला या खोऱ्यातले लोक जर्मनमध्ये एत्श म्हणतात. (पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश इटलीकडे गेला, त्यामुळे पाट्यांवर प्रत्येक गावाला दोन नावं.) नदी उगम पावते १,५०० मीटरच्या आसपास, रेशेन खिंडीपाशी, आणि मेरान आहे ३२५ मीटरवर. अंतर साधारण ऐंशी-नव्वद किलोमीटर. कागदावर काकांचं बरोबरच आहे.

खिंडीपर्यंतचा चढ लहानसा, तो धरतच नाही. वर पोचलं की रेशेनचा तलाव, आणि पाण्यातून वर आलेला चर्चचा मनोरा. चौदाव्या शतकातला. १९५० मध्ये धरण भरलं तेव्हा ग्राउन गाव आणि रेशेन गावाचा काही भाग पाण्याखाली गेला, दीडशेहून जास्त घरं. मनोऱ्याशी उभं राहून सगळे फोटो काढत होते. मीही काढला. पण मला भिगवणजवळचं पळसदेव दिसत होतं. उजनीचं पाणी उतरलं की उघडं पडणारं देऊळ पाहायला आम्ही असेच गेलो होतो, आणि तिथेही डब्यातली पोळी खात फोटोच काढले होते.

तलाव संपला की उतार सुरू होतो, आणि तो खराच उतार असतो. बुर्गाइस, माल्स, ग्लुर्न्स: थोड्याच अंतरात पाचशे मीटरहून जास्त खाली. चौदा किलोच्या पिशव्या मागे लटकलेल्या, त्यामुळे ब्रेक सोडायची सोय नाही. दर वळणाला मागची पिशवी सायकलला बाहेर ओढते. ग्लुर्न्सला पोचले तेव्हा तळहात बधिर होते. हे तटबंदीचं गाव इतकं लहान की हजारभरही वस्ती नाही. तिथे राईच्या जुळ्या भाकऱ्या घेतल्या. भाकऱ्याच म्हणते, कारण जाड, काळपट आणि चावायला वेळ लागणाऱ्या. वास मात्र घरचा! पिठात जी वनस्पती घालतात ती आपल्या मेथीचीच बहीण.

इथून पुढे काकांचं गणित बिघडतं. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांनी हजारो वर्षं दगडमाती आणून दरीत ओतली आहे. भूगोलात आपण 'पंखाकृती मैदान' म्हणून शिकलो तेच, पण या खोऱ्यातले पंखे अवाढव्य आहेत. ते नदीला पलीकडच्या डोंगरापर्यंत ढकलतात. नदी त्यांच्या मागे अडून सपाट पसरते आणि पुढच्या कडेवरून घसरते. म्हणजे हे खोरं उताराचं नाही, जिन्याचं आहे. पायरीवर सपाट, मग धाड्‌कन खाली, पुन्हा सपाट.

सपाटी गाठायची वेळ दुपारची, आणि दुपारी दरी तापली की वारा खालून वर वाहू लागतो. थेट तोंडावर. प्राडच्या पुढे सरळसोट रस्त्यावर मी ताशी बारा किलोमीटरनं जात होते आणि मागून एक आजी इलेक्ट्रिक सायकलवर पाठीला टोपली बांधून पुढे निघून गेल्या. हात हलवून गेल्या, वर.

लासला संगमरवराच्या खाणी आहेत. पांढऱ्या ठोकळ्यांचे ढीग दिसले, थांबले नाही. थांबले ते पुढे, सफरचंदांच्या बागांत. हे खोरं डोंगरांच्या आडोशाचं, पाऊस कमी. म्हणून जुन्या काळी लोकांनी कडेकडेनं पाट काढले, 'वाले' म्हणतात त्यांना. पाण्याची पाळी ठरलेली आणि राखायला एक माणूस. पाटात छोटं चाक बसवायचे. पाणी वाहतंय तोवर चाक फिरे आणि हातोडी घंटेवर पडे. घंटा थांबली की राखणदार उठायचा, कुठेतरी फुटलं किंवा तुंबलं. आमच्या पांझरेकाठच्या फडांवर, म्हणजे सामाईक पाटाच्या पाण्यावरच्या शेतांवर, पाटकरी असतो. त्याला अशी घंटा असती तर आजोबांची रात्रीची निम्मी भांडणं मिटली असती. आता बहुतेक बागांत तुषार सिंचन आहे. त्याचे फवारे रस्त्यावरही पडतात. वारा सोडला तर तक्रार नव्हती.

श्लांडर्स, लाच, नदीला अगदी चिकटलेला कास्टेलबेलचा किल्ला, नातुर्न्स. माल्स ते मेरान रेल्वे आहे, २००५ साली पुन्हा सुरू झालेली. नातुर्न्सच्या स्टेशनवर मी पाच मिनिटं उभी राहिले, हे कबूल करते. मग तोलजवळची शेवटची पायरी: नदी खडकातून खाली झेपावते आणि सायकलचा रस्ता आडव्या-तिडव्या वळणांनी उतरतो. तिथे पायडल खरंच मारावं लागलं नाही. दोन्ही ब्रेक आवळून, गुडघे घट्ट धरून, जमेल तसं खाली आले.

मेरानला ब्रेकचे रबर पाहिले तर निम्मे झिजलेले. रात्री पाय दुखल्याचं आठवत नाही. काट्यानं नूडल्स उचलताना बोटं मात्र थरथरत होती, शेवटी चमचा मागवला.