दुपट्ट्यातली रेती

धानाचे चुकारे झाले की पवनी आणि ब्रह्मपुरी तालुक्यांतल्या गावांमधून मी अंदमानला गट नेतो. विमान बदलताना म्हातारी माणसं चुकू नयेत, कोणाचं आधार कार्ड घरच्या पेटीत राहू नये, ही काळजी असतेच. पण सगळ्यात जास्त तयारी लागते ती जॉली बॉय बेटाच्या दिवसाची.

हे बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात आहे. उद्यान १९८३ सालचं, १५ बेटांचं. पोर्ट ब्लेअरहून (आता श्रीविजयपुरम) साधारण ३० किलोमीटरवर वांडूर, तिथून बोट. बेटावर प्लास्टिक न्यायला बंदी आहे, म्हणून वांडूरला पिशव्या उघडून बघतात. चिवड्याची पन्नी, बिस्किटाचा पुडा, पाण्याची साधी बाटली, काही पुढे जात नाही. बेटावर टपरीसुद्धा नाही, डबा नेला तरच जेवण. म्हणून मी गावात बैठक घेतो तेव्हाच स्टीलचे डबे काढायला लावतो, चिवडा त्यात भरून दाखवतो, गोळ्यासुद्धा डबीत टाकायला सांगतो. काही मोठ्या कंपन्यांचे व्यवस्थापक हे लोकांना आदल्या रात्री सांगतात. सकाळी धक्क्यावर बाया पन्न्या सोडत बसतात, गार्डवर चिडतात, आणि दोष नियमाला जातो. याचा मला मनापासून राग येतो.

बेटाला धक्का नाही. मोठी बोट थोडी अलीकडे थांबते आणि तळाला काच बसवलेल्या लहान होड्या माणसांना किनाऱ्यावर सोडतात. आमच्याकडच्या बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली ही पांढरी रेती असते. मी ती हातात घेऊन सांगतो, की आपल्या वैनगंगेची रेती म्हणजे खडकाची झीज, आणि ही म्हणजे प्रवाळ अन् शिंपल्यांचा चुरा. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात, त्यातलं खाण्याजोगं पचवतात, उरलेलं भुगा होऊन बाहेर पडतं. काही मोठ्या जातींचा एकेक मासा वर्षाला शेकडो किलो रेती तयार करतो. निम्मे लोक तोवर फोटो काढायला गेलेले असतात. यंदा एक बाबाजी शेवटपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, "म्हंजे हे जित्या जिवाचं काम हाय."

परतीच्या होडीत चढताना गार्डनं त्यांनाच थांबवलं. दुपट्ट्याच्या टोकाला गाठ होती, गाठीत मूठभर रेती. गार्ड हिंदीत म्हणाला, राष्ट्रीय उद्यानातून शिंपलासुद्धा नेता येत नाही, इथंच सोडा.

बाबाजी माझ्याकडे वळले. "भाऊ, आमच्या रेतीच्या घाटावरून रातभर टिप्पर जातेत. त्यायले कोनी इचारत नाही. अन् माजी मूठभर रेती दिसली यायले?"

होडीतले लोक गप्प झाले. गार्डला मराठी येत नव्हतं. काय म्हणतात, असं त्यानं मला विचारलं. मी काही गाळलं नाही, सगळं हिंदीत सांगितलं. तो तरुण पोरगा होता. दुसरा कोणी असता तर पावतीपुस्तक काढलं असतं. त्यानं नदीचं नाव विचारलं, ऐकून घेतलं, आणि पुन्हा त्याच आवाजात सांगितलं की रेती सोडावी लागेल. मीही बाबाजींना तेच सांगितलं. त्यांनी गाठ सोडली, दुपट्टा झटकला आणि होडीत बसले.

बोटीवर मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांचं गाव वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला. पूर्वी उन्हाळ्यात पात्रात डांगरवाड्या लागायच्या. डांगर, काकडी, टरबूज, गावातल्या ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, त्यावर चार महिन्यांची गुजराण. वरून येणारी रेती धरणात अडू लागली आणि खाली होती ती उपशात गेली. पात्र खोल गेलं तसं काठच्या विहिरींचं पाणीही उतरलं, कारण पावसाचं पाणी धरून ठेवणारा थरच उचलला गेला. बाबाजींच्या विहिरीवर आता उन्हाळ्यात मोटर थोडा वेळ चालते आणि हवा ओढते. मूठभर रेती त्यांना देव्हाऱ्यात ठेवायला नको होती. ग्रामसभेत टेबलावर ओतून ते विचारणार होते, की एवढ्याशा रेतीसाठी तिथं मानूस उभा राहते, तर आपल्या घाटावर का नाही?

दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेल झालं. ज्यासाठी सगळे आले होते ते पाहून झालं, गट खूश होता. मी मात्र त्या होडीपाशीच अडकलो होतो, अजूनही आहे. गार्ड बरोबर होता. रोज शेकडो माणसं येतात, प्रत्येकानं गाठ बांधली तर त्या लहानशा किनाऱ्याचं काय होईल हे दिसतंच. पण बाबाजींच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे नियम कमी नाहीत. घाटाचा लिलाव होतो, वाहतुकीला परवाना लागतो, रात्री उपसा करायचा नसतो, पावसाळ्यात तर घाट बंदच. तरी रात्री दोनला टिप्परच्या आवाजानं खिडक्या हादरतात आणि सकाळी गावात त्यावर कोणी बोलत नाही. तक्रार करणाऱ्याच्या दारात संध्याकाळी कोण येऊन उभं राहतं, हे साऱ्या गावाला माहीत असतं. ज्यांनी थांबवायचं ते गाडी निघून गेल्यावर पोचतात. मी हे लहानपणापासून बघत आलोय आणि बेटावर त्या पोराला बघेपर्यंत मला ते कधी इतकं लाजिरवाणं वाटलं नव्हतं.

गावी आल्यावर बाबाजींचा फोन आला. रेती नाही तर निदान तिथल्या नियमांचा कागद द्या, म्हणाले. मी फलकाचे फोटो मोठे करून छापले, खाली मराठीत एकेक कलम लिहिलं आणि नेऊन दिलं. त्यांनी ते घडी न करता पोत्याखाली सपाट ठेवलं.

येत्या ग्रामसभेला या म्हणून त्यांनी मलाही सांगितलंय. मी त्या गावचा मतदार नाही, तेव्हा मला बोलू देतील का, हे सरपंचांना विचारलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.