शनिवारचे पगारपत्रक

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी सकाळीच तिथल्या कारकून काकांचा फोन आला, "सर, मशीन चालूच होईना, आणि आज हप्त्याचा वार आहे." कामगारांच्या आठवड्याच्या पगाराचे पत्रक त्या एकाच संगणकात होते आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. (प्रत ठेवा म्हणून मी वर्षभर बजावत होतो, असो.)

माझे स्वतःचे रोजचे काम लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या एका मोफत संगणक प्रणालीवर चालते, त्यामुळे त्याचा पेनड्राइव्ह पिशवीत कायम असतो. त्यावरून संगणक सुरू केला की हार्ड डिस्कला न शिवता पूर्ण डेस्कटॉप समोर येतो. मात्र डिस्क टकटक आवाज करू लागली होती, म्हणजे ती कधीही पूर्ण बंद पडण्याच्या बेतात होती. अशा वेळी एकेक फाइल उघडून पाहण्याचा मोह आवरावा लागतो. मी बाहेरची डिस्क जोडून डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारे साधन चालवले; ते आधी सुस्थितीतला भाग उचलते, खराब सेक्टरांकडे (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांकडे) नंतर वळते आणि कुठवर आलो याची नोंद फाइलमध्ये ठेवते. ती फाइल मी बाहेरच्या डिस्कवरच ठेवली होती, म्हणून मध्ये दोनदा वीज गेली तरी काम पहिल्यापासून करावे लागले नाही.

दुपारी पगारपत्रक हाती आले. मिंटमधल्या लिबरऑफिस या कार्यालयीन कामाच्या प्रोग्रॅममध्ये उघडले, तर आकडे जागच्या जागी होते, पण 43 कामगारांच्या नावांऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसत होती. काका मटकन खुर्चीत बसले. फाइल शाबूतच होती. नावे युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेली होती, ज्यात मराठी अक्षराच्या जागी रोमन अक्षराचा संकेतच साठवला जातो आणि तो फॉन्ट नसला की तेच रोमन अक्षर दिसते. वाचवलेल्या डेटातल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो फॉन्ट काढून मिंटमध्ये बसवला, लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडले, आणि काका एकेक नाव बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले.

प्रिंटर जोडताच ओळखला गेला, याचे खुद्द मला नवल वाटले. साडेपाचला वाटप सुरू झाले.

हिशेबासाठी तिथे टॅली लागते आणि ते लिनक्सवर थेट चालत नाही, म्हणून नव्या डिस्कवर विंडोज ठेवणे भागच होते. शेजारी मिंटही बसवले. काका पगारपत्रक आता त्यातच करतात, आणि दर शनिवारी पेनड्राइव्हवर प्रत घेऊन तो पेनड्राइव्ह रोकड पेटीत टाकतात.