फ्लॅट विकायला काढण्याआधी शेअर सर्टिफिकेट उलटं करून बघा

पुण्यात जुन्या फ्लॅटचा व्यवहार भावावर मोडला नाही तरी कागदावर रखडतो. म्हणून विसार घेतल्यावर नाही, जाहिरात देण्याआधी फाइल काढून बसा. घेणाऱ्याला कर्ज लागत असेल तर त्याच्या बँकेचा वकील सर्च काढणार, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासणार, आणि बिल्डरपासून तुमच्यापर्यंतच्या खरेदीखतांतला एक दुवा जरी हातात नसला तरी फाइल तिथेच थांबणार. प्रत्येक खरेदीखतासोबत त्याची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा) हवंच. भोगवटा पत्राची प्रतही आत्ताच मिळवा.

आता शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीचे सभासद असल्याचा कागद. पुढच्या बाजूला मूळ सभासदाचं नाव आणि शेअरचे अनुक्रमांक असतात. खरी गोष्ट मागे आहे: हस्तांतराची तारीख, नव्या सभासदाचं नाव, रजिस्टरचा क्रमांक आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या. तुम्ही फ्लॅट रिसेलमध्ये घेतला असेल तर तुमचं नाव इथेच सापडायला हवं. पुष्कळदा खरेदीखत होतं, सामान येतं, मेंटेनन्स सुरू होतो आणि सर्टिफिकेट सचिवांकडे द्यायचं राहून जातं. मग सोसायटीच्या दप्तरी सभासद अजून आधीचाच मालक! ही नोंद कमिटीच्या बैठकीत मंजूर व्हावी लागते, त्यामुळे महिनाभर हाताशी ठेवा. सोसायटी घेते तो हस्तांतर प्रीमियम महापालिका हद्दीत २५,००० रुपयांपेक्षा जास्त मागता येत नाही. ‘डोनेशन’च्या नावाखाली वर काही मागितलं तर ठामपणे नाही म्हणा.

फ्लॅट दिवंगत वडिलांच्या नावावर असेल आणि तुम्ही फक्त नॉमिनी असाल, तर तेवढ्यावर विकता येत नाही. नॉमिनी विश्वस्त असतो. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या, नाहीतर त्या सगळ्यांनी खरेदीखतावर सह्या करायला हव्यात.

कर्ज फिटलंय? मग बँकेकडून मूळ कागद, नो ड्यूज पत्र आणि सेरसायवरचा (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) बोजा उतरवल्याचा पुरावा, तिन्ही घ्या. १ डिसेंबर २०२३ पासून कर्जफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. कर्ज चालू असेल तर फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल याचं पत्र) आणि बँकेकडे जमा असलेल्या कागदांची यादी मागा. घेणाऱ्याची बँक या दोन कागदांवरच पुढे सरकते.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणारा तुमच्या पैशांतून १ टक्का टीडीएस (आगाऊ कापलेला आयकर) कापतो. तुमचं पॅन आधारशी जोडलेलं नसल्याने निष्क्रिय झालं असेल तर ही कपात २० टक्क्यांवर जाते. त्यामुळे पॅनची स्थिती आधीच तपासा.

ऊर्जा रेटिंगबद्दलही विचारणा होते. युरोपात घर विकताना ऊर्जा प्रमाणपत्र लागतं, आपल्याकडे रिसेल फ्लॅटला तसं बंधन नाही. बीईईचं (केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता विभाग) निवासी इमारतींसाठी १ ते ५ ताऱ्यांचं लेबल आहे, पण ते ऐच्छिक. त्यापेक्षा महावितरणची वर्षभराची बिलं समोर ठेवा. एप्रिल-मेचे युनिट बघितले की पश्चिमेच्या भिंतीचा ताप आणि एसीचा खर्च घेणाऱ्याला लगेच कळतो. गच्चीवर तुमचं स्वतःचं सोलर असेल तर नेट मीटरिंग (जास्तीची वीज महावितरणला देऊन बिलात वळती करण्याची सोय) तुमच्या ग्राहक क्रमांकावर असतं; वीजजोडणीच्या नावबदलासोबत तेही घेणाऱ्याच्या नावावर करून द्यायचं, हे खरेदीखतातच लिहून घ्या.