डाव्या हाताचा चेंडू

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे पत्र आले, तेव्हा शाळेविषयी पुष्कळ लिहिता येईल असे वाटले होते. लिहायला बसल्यावर मात्र खेळाच्या गुरुजींखेरीज काही सुचेना. त्यांचे नाव लिहिण्याची गरज नाही, कारण खानापूर तालुक्याच्या मैदानांवर ते नुसते ‘गुरुजी’ म्हणूनच ओळखले जात.

चेंडूफेकीच्या निवडीला आम्ही मुली उभ्या राहिलो की कडेला बसलेली मुले ‘पोरींची फेक’ म्हणून खिदळत. आमचा चेंडू ढकलल्यासारखा जाई आणि ज्या हाताने फेकायचे त्याच बाजूचा पाय पुढे पडे, हे खरेच होते. एके दिवशी गुरुजींनी त्याच मुलांना रांगेत उभे करून डाव्या हाताने चेंडू फेकायला लावला. कोपर अंगाला चिकटलेले, कंबर जागच्या जागी, चेंडू समोरच पडलेला, हुबेहूब आमच्यासारखे! गुरुजी एवढेच म्हणाले, “उजवा हात आंब्यांना दगड मारून शिकला, डाव्याला कुणी शिकवलेच नाही.” आमचे तर दोन्ही हात त्या डाव्यासारखे राहिले होते, कारण गोफण काय किंवा क्रिकेटचा चेंडू काय, घरात भावाच्याच वाट्याला येई.

पुढे कित्येक दिवस त्यांनी आम्हाला चेंडू दिलाच नाही. अंग आडवे ठेवून डावे पाऊल पुढे टाकायचे, मग कंबर वळवायची, तिच्यामागून खांदा, कोपर आणि सर्वांत शेवटी मनगट, एवढेच घोटून घेतले. पावसाने भिजलेल्या तांबड्या मातीत उमटलेले ठसे पाहून कोणाची कंबर वळली नाही हे ते अचूक सांगत.

आज मी स्वतः क्रीडाशिक्षिका आहे आणि माझ्या मुली भालाफेकीत जिल्ह्यापर्यंत जातात. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, महिलांचा ६०० ग्रॅमचा. ताकदीतला फरक मी नाकारत नाही, पण पाऊल आधी की हात आधी, याला ताकद लागत नाही. मेरठकडच्या अन्नू राणीने शेतात ऊस फेकून सुरुवात केली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ६२.९२ मीटर फेकीवर सुवर्णपदक मिळवले, हे सांगितले की निपाणी-चिकोडीकडच्या ऊसवाल्या पालकांना चटकन पटते.

खंत एकच आहे. दगड भिरकावत हिंडणारी मुले आता राहिली नाहीत, त्यामुळे मुलग्यांनाही डावे पाऊल पुढे टाकायला शिकवावे लागते. त्यांच्या फेकीला मात्र अजून कुणी ‘पोरांची फेक’ म्हणत नाही.